भूगोल मायनर घेतला तर पुढे काय?

पत्र थोडक्यात: सांगली जिल्ह्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावातून १९ वर्षांच्या वाचक मुलीनं लिहिलंय. एफवायबीए झालं. पहिल्या वर्षाला अर्थशास्त्र, भूगोल आणि मानसशास्त्र असे तीन विषय होते. आता मेजर, म्हणजे मुख्य विषय, अर्थशास्त्र हे नक्की आहे. मायनर, म्हणजे जोडविषय, भूगोल की मानसशास्त्र, हे आठवड्याभरात कॉलेजला लिहून द्यायचंय. भूगोल तिला मनापासून आवडतो. २०१९ च्या पुरात, ती आठवीत असताना, त्यांच्या गल्लीत छातीइतकं पाणी होतं आणि मागच्या गल्लीत पायरीसुद्धा भिजली नव्हती. असं का झालं, हे तिला तेव्हापासून जाणून घ्यायचंय. पण पतसंस्थेच्या कर्ज विभागात काम करणारे वडील म्हणतात, ‘भूगोल घेऊन फार तर शिक्षिका होशील, आणि भरती आहे कुठे?’ पुण्यात आयटीत असलेला आतेभाऊ म्हणतो, ‘जीआयएसला जाम स्कोप आहे, डोळे झाकून घे.’ (जीआयएस म्हणजे संगणकावर नकाशा आणि त्या त्या जागेची माहिती एकत्र जोडण्याचं तंत्र.) मैत्रिणी म्हणतात, एमपीएससीला उपयोगी पडेल. तिचे प्रश्न असे: भूगोल मायनर घेऊन नोकरी कोणती मिळते? पुढे भूगोलात एमए करता येईल का? मायनर चुकला तर पदवीची वर्षं वाया जातील का? आणि जीआयएस शिकायला महागडा लॅपटॉप लागतो का?

वर्षं वाया जाण्याचा प्रश्न आधी घेते, कारण ती धास्ती मनात असली तर बाकीचं काही कानात शिरणार नाही. वाया जाणार नाहीत. मायनरचा पसारा मुळात केवढा, ते बघ. राज्याच्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट आहेत आणि त्यातले मायनरच्या वाट्याला साधारण १८ ते २०. थिअरीचा एक क्रेडिट १५ तासांचा, प्रात्यक्षिकाचा ३० तासांचा. म्हणजे सगळा मायनर मिळून तीन-चारशे तासांचा मामला. तेवढ्यात कुणी भूगोलतज्ज्ञ होत नाही आणि तेवढ्यानं कुणाचं वाटोळंही होत नाही. त्या तासांत काय शिकता येईल, एवढाच प्रश्न उरतो.

तुझ्या पत्रात बाबा बोलतात, आतेभाऊ बोलतो, मैत्रिणी बोलतात, आणि तूही बोलतेस. चारही बाजूंनी एकच गोष्ट गृहीत धरली आहे: विषयाचं नाव लिहिलं की त्याच्यापुढे एका नोकरीचं नाव लिहिता आलं पाहिजे. भूगोल बरोबर शिक्षिका. भूगोल बरोबर जीआयएस. भूगोल बरोबर एमपीएससी. मेजरच्या बाबतीत हे गणित अर्धंमुर्धं तरी जमतं. मायनरच्या बाबतीत ते जमत नाही, कारण मायनर एकटा कुठेच जात नाही. तो कायम तुझ्या मेजरच्या सोबत जाणार. म्हणून ‘भूगोलानं काय मिळेल’ याऐवजी मी तुला विचारेन: अर्थशास्त्र येणाऱ्या मुलीला भूगोलही आला, तर नुसतं अर्थशास्त्र येणाऱ्याला न जमणारं कोणतं काम तिला जमेल?

पण त्याआधी बाबा. त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. शाळेत शिकवायचं तर बीएड, मग टीईटी, मग शिक्षकभरतीची परीक्षा, मग पवित्र पोर्टलवरची वाट. जागा कधी निघतील याचा भरवसा नाही. कॉलेजात शिकवायचं तर त्या विषयातली पदव्युत्तर पदवी आणि वर नेट किंवा सेट. मायनरच्या जोरावर यातलं काही होत नाही. बाबांना कदाचित माहीत नसेल अशी आणखी एक गोष्ट सांगते, म्हणजे तुझीही फसगत नको. भूगोलाशी जवळची वाटणारी कितीतरी सरकारी पदं भूगोलवाल्यांसाठी नसतात. भूमी अभिलेख विभागात भूकरमापक व्हायचं तर जाहिरातीत सिव्हिलचा डिप्लोमा किंवा आयटीआयचं सर्वेक्षक प्रमाणपत्र मागितलेलं असतं. नगररचनेत सिव्हिल किंवा आर्किटेक्चरची मंडळी लागतात. भूजल सर्वेक्षण यंत्रणेला भूवैज्ञानिक हवा असतो, म्हणजे जिऑलॉजीवाला. हवामान खात्याच्या शास्त्रीय पदांना भौतिकशास्त्र वगैरे. ‘नकाशा आहे म्हणजे भूगोल चालेल’ अशा समजुतीवर कॉलेजं बिनधास्त माहितीपत्रकं छापतात. तू मूळ जाहिरातीतली शैक्षणिक अर्हता वाचायची सवय लावून घे.

मैत्रिणींचं एमपीएससीचं म्हणणं लवकर संपेल. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आणि यूपीएससीसारखा वैकल्पिक विषय आला. यूपीएससीत तो ५०० गुणांचा असतो. भूगोल हा तिथला वर्षानुवर्षांचा लाडका विषय, आणि सामान्य अध्ययनातही तो आहेच. पण वैकल्पिक म्हणून भूगोल निवडायला पदवीत भूगोल असण्याची अट नाही. इंजिनिअर, डॉक्टर सर्रास घेतात. तेव्हा पायाभरणी होईल हे खरं, पण नुसतं तेवढ्यासाठी मायनर घेऊ नको. स्पर्धा परीक्षेचं ठरवलं असशील तर तो वेगळा, मोठा निर्णय आहे आणि त्यासाठी वेगळं पत्र लिही.

आता आतेभाऊ. त्याचं ‘स्कोप’ खोटं नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारनं नकाशे आणि भूस्थानिक माहितीवरचे निर्बंध मोठ्या प्रमाणात उठवले. त्याआधी भारतीय कंपनीलाही बारीक तपशिलाचा नकाशा करायला परवानग्यांच्या मागे फिरावं लागायचं. मग २०२२ च्या अखेरीस राष्ट्रीय भूस्थानिक धोरण आलं. गावठाणांची ड्रोननं मोजणी करून मिळकत पत्रिका देणारी स्वामित्व योजना तुमच्याही गावात येऊन गेली असेल. महापालिकांची मालमत्ता कराची आकारणी, पीकविमा, रस्ते, वीजवाहिन्या, घरपोच माल पोचवणाऱ्या कंपन्या, सगळीकडे हे काम आहे.

त्यानं न सांगितलेलं मी सांगते. या क्षेत्रात शिरताना हाती येणारं पहिलं काम बहुतेक वेळा उपग्रहचित्रावर घरांच्या, शेतांच्या, रस्त्यांच्या कडा गिरवण्याचं असतं. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, कंत्राटावर, रोजचं टार्गेट ठरलेलं. यात कमीपणा काही नाही, बऱ्याच जणांची सुरुवात तिथूनच होते. पण नुसती कडा गिरवणारी माणसं लवकर बदलली जातात, आणि आता ते काम यंत्रंही करू लागली आहेत. टिकतो तो, ज्याला नकाशामागचा प्रश्न कळतो. सॉफ्टवेअर दोन-तीन महिन्यांत हातात बसतं. ‘या गावाला कर्ज कमी का जातं’ किंवा ‘या पट्ट्यात विम्याचे दावे जास्त का येतात’ हे विचारायला आणि त्याचं उत्तर शोधायला जास्त काळ लागतो. तिथे तुझं अर्थशास्त्र कामाला येतं.

भूगोल आणि अर्थशास्त्र यांचं गोत्र फार जुनं आहे. जर्मनीतल्या फॉन थ्यूनन यांनी १८२६ मध्येच बाजारगावाभोवती कोणती शेती किती अंतरावर परवडते याचा हिशेब मांडला होता: दूध-भाजी जवळ, धान्य लांब. आल्फ्रेड वेबर यांनी १९०९ मध्ये कारखाना कुठे काढावा याचं गणित केलं. हे तुला एका ओळीची टीप म्हणून पाठ करायला सांगतील, आणि तू करशीलही. पण तुझा जिल्हा म्हणजे या दोघांची उघडी प्रयोगशाळा आहे. शंभर किलो उसातून साखर निघते जेमतेम अकरा-बारा किलो, आणि तोडलेला ऊस पडून राहिला की साखरेचा उतारा घसरतो. म्हणून कारखाना शिवाराजवळच लागतो, मुंबईच्या बंदराजवळ नाही. वजन घटणाऱ्या कच्च्या मालाजवळ कारखाना, हा वेबरचा हिशेब. सहकार, पुढारी, निवडणुका हे सगळं त्यानंतर आलं. तसंच, शिराळ्याच्या पश्चिम टोकाला भाताची खाचरं आहेत आणि त्याच जिल्ह्यात जतकडे ज्वारी-बाजरी. आटपाडीला डाळिंब. द्राक्षाला दमट हवेत केवडा रोग पडतो, म्हणून तासगाव आणि त्याच्या पूर्वेची कोरडी हवा त्याला मानवते. बेदाण्याची शेड त्या कोरड्या पट्ट्यातच जास्त का, याचं उत्तरही तेच. मग म्हैसाळ योजनेनं कृष्णेचं पाणी उचलून पूर्वेला नेलं की जमिनीचे भाव, पिकं, मजुरी, कर्जाची मागणी यांचं काय होतं? हा प्रश्न अर्थशास्त्राचा की भूगोलाचा? उगाच वाटणी करू नको. अर्थशास्त्रवाल्यांनाही हे कळायला वेळ लागला. २००८ चं त्यांचं नोबेल पॉल क्रुगमन यांना मिळालं, ते व्यापार कसा चालतो आणि उद्योग एखाद्याच जागी का एकवटतात याच्या विश्लेषणासाठी.

आपल्याकडे भूगोल म्हटलं की दहावीचा ४० गुणांचा पेपर आणि ‘भारताच्या नकाशा आराखड्यात पुढील माहिती भरा’ हा प्रश्न आठवतो. सूची विसरलीस, गुण गेला. बाबांच्या डोक्यात तोच भूगोल असणार, आणि त्यात त्यांची चूक नाही. त्यांना पदवीचा भूगोल दाखवावा लागेल. त्यात भूरूपं आणि हवामान आहे, पण लोकसंख्या, वस्ती, शेती, वाहतूक हेही आहे, आणि प्रात्यक्षिकात स्थलनिर्देशक नकाशा वाचणं, समोच्च रेषांवरून (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांवरून) जमिनीचा छेद काढणं, सर्वेक्षण, आकडेवारी आणि आता सुदूर संवेदन (रिमोट सेन्सिंग) व जीआयएस.

तुझा गल्लीचा प्रश्न इथेच कामाला घे. तुझ्या अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्प करावा लागणार आहे. बहुतेक मुलं शेवटच्या आठवड्यात कुणाची तरी जुनी फाइल मिळवतात. तू गावातला २०१९ चा पूर नकाशावर उतरव. काम साधं आहे: गावठाणाचा नकाशा घ्यायचा, प्रत्येक गल्लीत घरोघर जाऊन पाणी कुठपर्यंत आलं होतं ते विचारायचं, भिंतीवरची खूण टेपनं मोजायची, मोबाइलवर जागेची नोंद करायची. लोकांच्या आठवणी एकमेकींशी जुळणार नाहीत. दोन शेजाऱ्यांच्या सांगण्यात हातभर फरक पडला तर दोन्ही लिहून ठेव आणि भिंतीवरच्या खुणेला जास्त वजन दे. मग उंचीचा अंदाज. तुमची गल्ली एखाद्या बुजलेल्या ओढ्याच्या पात्रावर आहे का, रस्त्याच्या भरावानं पाणी अडलं का, मागची गल्ली जुन्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या गावठाणाच्या, उंचवट्यावर आहे का, यातलं काय ते तुला जागेवर दिसेल. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ ला धोका पातळी धरतात. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. तुमच्या गावात पाणी शिरलं तेव्हा पुलाजवळ किती होतं, हे जुन्या वर्तमानपत्रांतून जुळवता आलं, तर पुढच्या वेळी गावाला ‘आयर्विनला अमुक फूट झालं की आपल्या खालच्या आळीनं निघायचं’ असं सांगता येईल. त्या पुरानंतर शासनानं नेमलेल्या वडनेरे समितीच्या अहवालाचा संदर्भही मार्गदर्शकांकडून मिळव.

आणि अर्थशास्त्र? पुरानंतर कुणाचं दुकान किती दिवसांत उघडलं, खालच्या गल्लीतली भाडी उतरली का, घरं विकली गेली का, दुरुस्तीला पैसे कुठून उभे केले: सोनं मोडून, पतसंस्थेकडून की सावकाराकडून. हे आकडे पाण्याच्या उंचीशेजारी ठेवलेस की जो तक्ता तयार होईल तो तुमच्या कॉलेजात त्याआधी कुणी केलेला नसेल. मुलाखतीत ‘जीआयएस येतं’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. ‘मी माझ्या गावाचा पूर-नकाशा केला, हा बघा, आणि यात माझं हे चुकलेलं असू शकतं’ म्हणणारी उमेदवार मला अजून फारशी दिसलेली नाही.

यातून पुढे कुठल्या वाटा फुटतात? मला सगळ्यात सरळ दिसते ती ग्रामीण वित्ताची. नाबार्ड दर वर्षी प्रत्येक जिल्ह्यासाठी संभाव्यता आधारित पतपुरवठा आराखडा काढते. कोणत्या तालुक्यात कोणतं पीक, किती सिंचन, कोणते पूरक धंदे, त्यावरून किती कर्जाला वाव आहे, असा तो दस्तऐवज. सांगलीचा आराखडा उतरवून घे आणि वाच. अर्थशास्त्र आणि भूगोल एका टेबलावर बसून काम करतात म्हणजे काय करतात, ते त्यात दिसेल. बँका, विमा कंपन्या, शेतमाल खरेदी करणाऱ्या कंपन्या यांनाही हेच हवं असतं, फक्त त्या त्याला वेगळी नावं देतात. दुसरी वाट पाणी आणि पाणलोटाची. पुण्यात वॉटर (डब्ल्यूओटीआर) किंवा अक्वाडॅमसारख्या संस्था वर्षानुवर्षं या कामात आहेत. तिथे पगारानं डोळे दिपणार नाहीत, पण शिकायला मिळतं तेवढं क्वचित कुठे मिळेल. तिसरी आपत्ती व्यवस्थापनाची, जिथे तुझ्यासारखी पूर पाहिलेली माणसं हवीत आणि कमी असतात. चौथी शहर नियोजनाची, पण तिची दारं अरुंद आहेत: एमप्लॅनला, म्हणजे नियोजनाच्या पदव्युत्तर पदवीला, अनेक संस्था आर्किटेक्चर, प्लॅनिंग किंवा सिव्हिलची पदवी मागतात, नाहीतर भूगोल-अर्थशास्त्रासारख्या विषयातली पदव्युत्तर पदवी. म्हणजे तुला आधी एमए.

या चारही वाटांवर बीएनंतर लगेच मिळणारी कामं किरकोळ आहेत. पदव्युत्तर शिक्षण धरूनच चाल, आणि ही गोष्ट घरी आताच सांगून टाक. पुण्यातली गोखले संस्था अर्थशास्त्रासाठी आहे, टिसचं (टाटा समाजविज्ञान संस्थेचं) तुळजापूरचं केंद्र ग्रामीण विकासासाठी, आणंदची इर्मा ग्रामीण व्यवस्थापनासाठी. भूगोलाकडेच कल झुकला तर शिवाजी विद्यापीठात, पुण्यात, मुंबईत भूगोलाचे विभाग आहेत. नुसतं सुदूर संवेदन शिकायचं तर डेहराडूनची आयआयआरएस, इस्रोची संस्था. तिचे ऑनलाइन अभ्यासक्रम घरबसल्या फुकट करता येतात आणि त्यासाठी कुठला मायनर लागत नाही.

हो, मायनर भूगोल असून एमए भूगोलात करता येईल. यूजीसीच्या २०२४ च्या पदव्युत्तर आराखड्यानं ती वाट मोकळी केली आहे: मेजर किंवा मायनर, दोन्हींतल्या कोणत्याही विषयात पुढे जाता येतं, आणि तिसऱ्याच विषयात जायचं तर प्रवेश परीक्षेतून. पण आराखडा दिल्लीचा आणि प्रवेश विद्यापीठाचा. तुला जिथे जायचंय तिथल्या माहितीपुस्तिकेत पात्रतेचं पान बघून घे. आणि प्रवेश मिळाला तरी मेजरवाल्यांनी केलेला बराच अभ्यास तुझा झालेला नसेल. पहिलं सत्र जड जाईल.

मानसशास्त्रावर अन्याय नको. तुझ्या पत्रात त्याच्याबद्दल एकही आवडीचा शब्द नाही, ‘मुली घेतात’ एवढंच आहे, म्हणून मी त्याला थोडक्यात आटोपतेय. मुळात जोड वाईट नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनमन यांना २००२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते माणसं पैशाचे निर्णय प्रत्यक्षात कशी घेतात हे दाखवल्याबद्दल. बाजार संशोधन, मनुष्यबळ यांत रस असेल तर अर्थशास्त्रासोबत मानसशास्त्र उत्तम. फक्त समुपदेशक व्हायला मायनर पुरेल, अशी समजूत असेल तर ती काढून टाक; तिथेही एमए आणि पुढचं प्रशिक्षण लागतं.

आता फॉर्म भरण्याआधी कॉलेजात जाऊन काय विचारायचं. विषयाचं नाव बाजूला ठेव आणि मायनरच्या पेपरांची यादी माग, विद्यापीठाच्या संकेतस्थळावर असते. तिसऱ्या सत्रापासून शेवटपर्यंत कोणते पेपर आहेत आणि त्यात प्रात्यक्षिक कुठे आहे का, ते बघ. ही खरी मेख आहे. काही कॉलेजांत प्रात्यक्षिकं फक्त मेजरच्या मुलांना असतात आणि मायनरवाल्यांना वर्गात बसून नोट्स. तसं असेल तर सरांना किंवा मॅडमना सरळ विचार, ‘मेजरच्या बॅचबरोबर प्रयोगशाळेत बसले तर चालेल का? अभ्याससहलीला येऊ का?’ भूगोलाचे शिक्षक सहसा असं विचारणाऱ्या विद्यार्थ्याला नाही म्हणत नाहीत, उलट खूश होतात. वेळापत्रकात अर्थशास्त्राच्या तासाशी टक्कर होते का, तेही बघ. पुढच्या वर्षाच्या एखाद्या मुलीला गाठून विचार की गेल्या वर्षी सहल खरंच गेली होती का, की कागदावर. प्रात्यक्षिक नाही, सहल नाही, आणि शिक्षकही तासिका तत्त्वावर दर सहा महिन्यांनी बदलणारे, असं चित्र दिसलं तर मी तुला उलटा सल्ला देईन: मायनर जो नीट शिकवला जातो तो घे आणि भूगोल स्वतः शिक. ओपन इलेक्टिव्हमधून त्यातला एखादा पेपर पदरात पाडून घेता येतो, स्वयम पोर्टलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे जीआयएसचे अभ्यासक्रम आहेत, आणि वर सांगितलेला प्रकल्प अर्थशास्त्राच्या नावावरही होतो.

तुझ्यासारखीच पत्रं अधूनमधून कॉमर्सच्या आणि कॉम्प्युटरच्या मुलांचीही येतात, म्हणून त्यांच्यासाठी दोन वाक्यं. कॉमर्सवाल्यांनी भूगोल घेतला तर गोदाम कुठे बांधायचं, दुकानाची शाखा कोणत्या चौकात काढायची, माल कोणत्या रस्त्यानं न्यायचा, अशा कामांकडे बघावं. कॉम्प्युटरवाल्यांना प्रोग्रामिंग आधीच येतं. त्यांनी भूगोलाचे पेपर ‘सोपे’ म्हणून झोपेत काढले नाहीत, तर जीआयएसमध्ये आतेभावानं सांगितलेला स्कोप सगळ्यात आधी त्यांनाच मिळतो. इतिहास, समाजशास्त्रवाल्यांचं तुझ्यासारखंच: आधी प्रश्न सापडला पाहिजे.

बाबांशी बोलताना मात्र स्कोप, जीआयएस, नोबेल यातलं काही काढू नको. त्यांना एक विचार: ‘तुम्ही नदीकाठच्या घरावर तारण कर्ज देता, तेव्हा ते घर पूररेषेच्या आत आहे का हे बघता का?’ निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी असते, दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात अटी. तारणाची किंमत त्यावर ठरायला हवी. कर्ज विभागातला माणूस हे ऐकून गप्प बसणार नाही. एकतर ‘बघतो की’ म्हणून कसं बघतात ते सांगतील, नाहीतर विचारात पडतील. दोन्हींत तुमचं बोलणं ‘शिक्षिका होणार का’ या मुद्द्यावरून पुढे सरकेल. आणि तरीही ते नाहीच म्हणाले, तर त्यांच्या नकारामागे पैशाची काळजी असेल. तेव्हा एमएच्या खर्चाचा, शिष्यवृत्तीचा, वसतिगृहाचा हिशेब कागदावर मांडून त्यांच्यासमोर ठेव. बाबांना आकडे वाचायची सवय आहे.

लॅपटॉपची घाई करू नको. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि ८ जीबी रॅमच्या साध्या, वापरलेल्या लॅपटॉपवर शिकण्यापुरतं व्यवस्थित चालतं. सेंटिनेल उपग्रहांची १० मीटर बारकाव्याची चित्रंही फुकट मिळतात, आणि इस्रोचं भुवन पोर्टल तर मोबाइलवरही उघडतं. पहिले सहा महिने कॉलेजच्या लॅबमधल्या कॉम्प्युटरवर काढ. तोवर गावठाणाचा नकाशा, वही आणि मोजायची टेप एवढ्यावर तुझं निम्मं काम होऊन जाईल. टेप मात्र कापडी घेऊ नको, ओली झाली की तिच्या मापात फरक पडतो.